मार्गांची साक्ष : धाराशिव जिल्ह्यातील वस्तूंवरून दळणवळणाचा उदयास्त शिकविताना

(प्रस्तावना)

शालेय इतिहासात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. परंतु ज्या वाटेने त्या राजाचे सैन्य गेले आणि ज्या वाटेने त्याच्या खजिन्यात भर घालणारा माल आला, ती वाट बहुधा नसते. कारण उघड आहे. राजा शिलालेख कोरवितो, ताम्रपट देतो, नाणी पाडतो. वाट यांपैकी काहीच करीत नाही. माणसांची व जनावरांची ये-जा थांबली की थोड्याच पावसाळ्यांत तिच्यावर तरवड आणि बाभळ माजते, लगतचा शेतकरी दरसाल नांगराचे एक तास आत सरकतो, आणि तिसऱ्या पिढीस तेथे वाट होती हे सांगूनही पटत नाही. म्हणून दळणवळणाचा इतिहास शिकवू पाहणाऱ्या शिक्षकास नाहीशा झालेल्या वाटेऐवजी त्या वाटेने आलेल्या वस्तूंचा माग काढावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसमोर जे लहानसे पुस्तक आज येत आहे, ते हा माग कसा काढावा हे सांगण्यासाठी सिद्ध झाले आहे. त्याच्या विषयाची ओळख करून देणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन.

मार्गांच्या उदयास्ताचा सर्वांत सुबोध पाठ जगात कोठे शिकविला जात असेल, तर तो इंग्लंडातील कालव्यांच्या काठी. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जेम्स ब्रिंडली या स्थापत्यकाराच्या साह्याने कालवा खोदविला, आणि त्या शहरात कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पाण्यावर तरंगणारी नाव काठावरून चालणारा एकच घोडा ओढीत असे, आणि जे ओझे खडकाळ रस्त्यावर ओढण्यास गाड्यांचा तांडा लागला असता ते तो एकटा सहज नेई, हे त्या चमत्काराचे रहस्य होते. पुढील दोन पिढ्यांत देशभर कालव्यांचे जाळे झाले. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे धावू लागली, आणि त्यानंतर गिऱ्हाईक ओसरत जाऊन कित्येक कालवे गाळाने भरले. तेथील मुलांना हा इतिहास शिकविताना नावा, पाण्याची पातळी चढविणारे-उतरविणारे लॉकचे दरवाजे, जकातीच्या पावत्या दाखवितात. स्टोक ब्रुअर्न येथे १९६३ पासून कालव्यांचे खास संग्रहालयही आहे. परंतु या सर्वांहून बोलकी वस्तू पुलांच्या कोपऱ्यांशी आहे. नाव ओढणाऱ्या घोड्याचा दोर वर्षानुवर्षे घासून तेथील दगडात आणि लोखंडात खोल खाचा पडल्या आहेत. आपल्याकडील जुन्या मोटेच्या विहिरीच्या थारोळ्याशी नाड्याने पाडलेल्या खाचा ज्याने पाहिल्या आहेत, त्यास त्या इंग्रजी खाचांचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात असा कालवा नाही. महाराष्ट्रातील मुठेचे, नीरेचे, गोदावरीचे कालवे शेतीस पाणी देण्यासाठी झाले, नावा चालविण्यासाठी नव्हे. आणि बालाघाटाच्या उतारावरचा हा अवर्षणप्रवण मुलूख, जेथे उन्हाळ्यात नदीच्या पात्रात खड्डा करून घागर भरावी लागते, तेथे जलमार्गाची भाषा करणेही विनोदाचे वाटेल. तथापि तेरणेचे पाणी मांजरेस मिळते, मांजरेचे गोदावरीस, आणि गोदावरीच्या त्या पुढच्या प्रवासात एक अशी जागा लागते की जेथे जलमार्गाचे स्वप्न एकदा खरोखर बांधावयास घेतले गेले होते. वऱ्हाडचा आणि नागपूर प्रांताचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या पात्रांतून थेट पूर्व समुद्रास न्यावयाचा, ही ती योजना. सर आर्थर कॉटन हा तिचा मोठा पुरस्कर्ता. हिंदुस्थानास आगगाडीहून जलमार्ग स्वस्त पडेल, हे मत त्याने जन्मभर सोडले नाही. पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांतील पहिला दुम्मागुडेम येथे असून तेथे बंधारा, कालवा आणि लॉक यांचे काम झाले. १८६० मध्ये सिरोंचा हे ठाणे करून अपर गोदावरी नावाचा जिल्हाच निर्माण करण्यात आला, अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटल्यावर या योजनेस जोर चढला, आणि १८७१ मध्ये ती सोडून देण्यात आली. मधल्या काळात, १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोहोचली होती. नदी होती तशीच होती, खडक होते तसेच होते. कापूस मात्र मुंबईच्या दिशेने वळला होता.

या उदाहरणात आमच्या प्रतिपाद्याचे सार आले आहे. मार्ग मरतो तो बहुधा त्याच्या दुसऱ्या टोकाशी मरतो. गाळ साचणे, पूल खचणे, रान माजणे ही मागाहूनची लक्षणे. मूळ कारण शेकडो कोस दूर, एखाद्या बंदरात, बाजारात वा दरबारात घडून गेलेले असते, आणि इकडच्या टोकास राहणाऱ्यांना त्याची वार्ता फार उशिरा लागते. ज्या जिल्ह्याचा माल नेहमीच दुसऱ्यांच्या बंदरातून गेला आणि ज्याचा भाव नेहमीच दुसऱ्यांच्या पेठेत ठरला, त्या जिल्ह्यातील मुलांनी हे सूत्र शिकणे अगत्याचे आहे. आणि ते शिकविण्याची साधने येथे, कोणासही हेवा वाटावा इतकी, विपुल आहेत.

त्यांतील पहिले आणि सर्वांत श्रीमंत साधन म्हणजे तेर. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, ही गोष्ट जे. एफ. फ्लीट याने १९०१ मध्ये साधार मांडली. हेन्री कझिन्सने त्याच सुमारास येथील त्रिविक्रम मंदिर पाहून ते मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह होते हे ओळखले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गांच्या वर्णनात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तगराहून साधे कापड, मलमलीचे नाना प्रकार आणि पूर्वेकडील किनाऱ्याच्या प्रदेशातून येथे जमा होणारा माल हा सारा गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून, भडोचच्या बंदरास जात असे. म्हणजे एका महिन्याची गाडीवाट. ‘रस्ता नसलेला मुलूख’ हे शब्द शिक्षकांनी वर्गात मुद्दाम थांबून वाचावेत. कारण व्यापारास पक्की सडक लागतेच असे नाही, गिऱ्हाईक लागते, हे त्यांतून मुलांच्या ध्यानी येते.

त्या महिन्याच्या वाटेची साक्ष आज तेरच्या कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात मांडलेली आहे. गावातील पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीच्या मूर्तींची मुंडकी उघडी पडत; ती वेचून, जपून ठेवण्याचा छंद लामतुरे यांनी धरला नसता तर यांतील पुष्कळसे साहित्य पोरांच्या खेळात आणि बोहाऱ्याच्या टोपलीत गेले असते. संग्रहालयात शिरल्यावर सर्वांचे लक्ष हस्तिदंताच्या स्त्रीमूर्तीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. वीतभरही उंची नसलेल्या या मूर्तीच्या मस्तकात वरून भोक आहे, ज्यावरून ती आरशाची किंवा तत्सम वस्तूची मूठ असावी असा तर्क करतात. हिची जवळची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. येथवर प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. शिक्षकाने याच्या अलीकडचा प्रश्न विचारावा : तेरच्या परिसरात हत्ती कोठे आहेत? दातही कोठून तरी लादूनच आणावा लागला असणार. शेजारच्या शंखाच्या बांगड्यांच्या तुकड्यांबद्दलही तोच प्रश्न, कारण हे गाव दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आहे. जी वस्तू येथून निर्यात झाली असे आपण अभिमानाने सांगतो, तिचा कच्चा माल आयात झालेला होता, आणि या दोन वाटांच्या मध्ये तगरच्या कारागिराचा हात होता, हे ज्या विद्यार्थ्यास उमगले त्यास पेठ म्हणजे काय हे उमगले.

तथापि वर्गपाठास आमच्या मते हस्तिदंताहून माती अधिक उपयोगी. संग्रहालयात पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत, रोमन घाटाचे मातीचे दिवे आहेत, आणि रोमन नाण्यांवरील मुद्रेची नक्कल केलेली, गळ्यात ओवण्याजोगी मातीची पदके आहेत. मूर्तीच्या कडेने बारकाईने पाहिल्यास कानापासून खांद्यापर्यंत उतरणारी एक पुसट शिवण दिसते. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात दाबून, दोन्ही भाग ओलसर असतानाच जोडून मूर्ती भाजली आहे. म्हणून ती आतून पोकळ आणि वजनास हलकी आहे, आणि वाहतुकीच्या धंद्यात हलकेपणास काय किंमत असते हे सांगावयास नको. दिव्याचा घाट परका आणि बनावट येथली असेल, तर भडोचहून दिवा आला नसून दिव्याची कल्पना आली. पदक मातीचे असेल, तर सोन्याचे नाणे न मिळालेल्या माणसासही त्या नाण्याचा मोह पडला होता. रोमन घाटाचा दिवा मिळाला म्हणून रोमन मनुष्य तेरला येऊन राहिला होता असे अनुमान काढण्याची घाई विद्यार्थी करतील. ती घाई आवरणे हाच त्या तासिकेचा खरा पाठ. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, या गावात चिखल तुडवून भांडी घडविणाऱ्या हातांची परंपरा पुष्कळ पूर्वीची आहे, एवढे मात्र निःशंकपणे सांगता येते. शक्य तेथे शिक्षकांनी गावातील कुंभारास शाळेत बोलावून मुलांकडून दुहेरी साच्याची एक मूर्ती करवून घ्यावी. सांधा कोठे उकलतो हे बोटांना कळले की काचेआडची मूर्ती पुन्हा वेगळ्या नजरेने पाहिली जाते.

तगराचा अस्त कसा झाला हे सांगणारी वस्तूही या जिल्ह्याबाहेरच आहे. पश्चिमेकडचा सागरी व्यापार मंदावला, सातवाहनांची सत्ता विस्कटली, आणि महिनाभराची गाडीवाट परवडेनाशी झाली. पण नाव मागे राहिले. पुढे कित्येक शतकांनी कोकणात आणि कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत राहिले. पेठ गेली आणि पेठेची प्रतिष्ठा बिरुद होऊन समुद्रकाठी जाऊन बसली. वैभवाची आठवण वैभवापेक्षा दीर्घायुषी असते, याचा एवढा स्पष्ट दाखला क्वचित मिळेल.

दुसरे साधन परंड्याचे, आणि त्याची गंमत अशी की ती वस्तू परंड्यात नाही. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ काही काळ परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती आदिलशाहीची राजधानी विजापूर येथे नेण्यात आली आणि आजही तेथील बुरुजावर आहे. अशा ओझ्यास परंडा ते विजापूर या वाटेने भीमा ओलांडणे काय असेल, याचा विचार मुलांकडून करवावा : किती बैल, किती दोर, पात्रातील वाळूवर कशाचा आधार, कोणत्या ऋतूत निघावयाचे. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ भीमेच्या पात्रात बुडाली अशी परंपरागत कथा आहे. कथा म्हणूनच ती सांगावी, परंतु नदी ही त्या काळच्या वाहतुकीत वाट नसून अडसर होती हे तिच्यातून चांगले ठसते. आणि सत्तेचे केंद्र हलले की तिचे ओझेही त्या मागोमाग हलते, किल्ला मात्र जागच्या जागी राहतो, हे परंड्याच्या तटावर उभे राहून जितके पटते तितके पुस्तकात पटत नाही.

तिसऱ्या प्रकारची साधने संग्रहालयात क्वचित, घरांत अधिक सापडतील. आगगाडी येण्यापूर्वी या मुलखातील मीठ, धान्य आणि कापूस लमाणांच्या लदणीच्या बैलांवरून जात असे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांस सारखे लोंबणारी गोण, पुढच्या बैलाच्या गळ्यातील घंटा, दोरखंड ही त्या धंद्याची हत्यारे. नळदुर्ग-तुळजापूरकडील एखाद्या तांड्यावर म्हाताऱ्या माणसांकडे विचारपूस केल्यास अशी वस्तू, किंवा निदान तिची हकिकत, अजून मिळेल. रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली आणि लदणीचा कणा मोडला. येथेही तोच न्याय : तांड्याच्या वाटेत काही बिघडले नव्हते, मुंबईकडच्या टोकास बिघडले होते.

त्यानंतर आली बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल स्वस्तात वाहता येतो हे सिद्ध करण्यासाठी आखलेली ही रेल्वे. तिचा पहिला फाटा १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा उघडला. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे कॅलथ्रॉपचे सूत्र. त्यामुळे हलके रूळ आणि हलके पूल चालत. मलिक-ए-मैदानचे वजन या सूत्रात बसवून पाहण्याचे गणित मुलांना घालावे, म्हणजे दोन युगांतील वाहतुकीची कल्पना भिन्न कशी होती ते आकड्यांनीच कळेल. पुढे ही गाडी निजामच्या हद्दीत शिरून येडशी, तडवळे, ढोकी असे करीत १९११ मध्ये लातुरास पोहोचली. बार्शी इंग्रजी अमलात, ढोकी निजामी अमलात. मधल्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, मालाची झडती, दस्तक आणि पावती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या छावण्यांतील तरुणांनी याच नाक्यांना लक्ष्य केले होते. जुन्या आडत दुकानाच्या दप्तरात उर्दू शिक्क्याचा करोडगिरीचा कागद सापडला तर शिक्षकांनी तो जपून पाहावा. एकाच जिल्ह्याच्या अंगणातून दोन राज्यांच्या जकाती कशा जात होत्या याचा तो पुरावा आहे.

बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, आणि २००७-०८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी मार्ग रुंद होऊन अडीच फुटी गाडी इतिहासजमा झाली. तिचे दुखणेही जन्मजात आणि दुसऱ्या टोकाचे होते : कुर्डुवाडीस प्रत्येक पोते अरुंद डब्यातून उतरवून रुंद डब्यात चढवावे लागे, आणि ही हमाली जोवर मोटारलॉरीच्या भाड्याहून स्वस्त होती तोवरच तिचे चालले. रुंद मार्गाने नवी वाट धरून धाराशिव शहरास प्रथमच रेल्वे दिली. जुनी वाट जेथे अलग पडली तेथील भराव आणि मोऱ्या हा एका दिवसाच्या सहलीचा विषय आहे. ज्यांना सहल जमणार नाही त्यांनी शाळेच्या ओसरीत पाहावे : खेडोपाडीच्या कित्येक शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडाच टांगलेला असतो. त्याची उंची, माथ्याची रुंदी, हातभर लांबीचे वजन मोजून स्थानकावरच्या आजच्या रुळाशी ताडून पाहावे. रोज जिच्या नादावर मुले वर्गात जातात ती वस्तू कोणत्या गाडीची, हे त्यांनी स्वतः मापून ठरविले तर त्यास इतिहास म्हणावे की भूमिती, हा वाद गौण आहे.

पद्धतीविषयी दोन सूचना करून ही प्रस्तावना आवरती घेऊ. पहिली सूचना कायद्याची. पांढरीवर मिळालेली वस्तू घरी नेऊ नये, खणून तर मुळीच काढू नये. १८७८ चा निखात निधीचा आणि १९७२ चा पुरावशेषांचा असे दोन कायदे या बाबतीत आहेत, आणि कायदा नसता तरी जागेवरून उचललेल्या मण्याचे अर्धे बोलणे तेथेच राहते. वस्तू कोठे, कोणत्या थरावर, कशाच्या शेजारी होती याची नोंद हीच तिची जबानी होय. दुसरी सूचना दृष्टीची. मार्गाचा अस्त शिकविताना त्यास कोणाच्या आळसाचे वा अधःपाताचे फळ ठरविण्याचा मोह होतो. तगरचे विणकर आळशी झाले नव्हते, लमाणांचे बैल दुबळे झाले नव्हते, बार्शी लाईटचे कामगारही कामचुकार नव्हते. अस्त हा शब्द वापरावा, परंतु त्यामागून दोष चिकटवू नये. नाहीतर ज्या गावाची पेठ बसली त्या गावच्या मुलास आपल्याच आजोबांची विनाकारण लाज वाटू लागते.

आज सोलापूर–धुळे महामार्ग जिल्ह्याच्या मध्यातून जातो आणि त्याच्या दुतर्फा नवी गोदामे, नवे धाबे, नवे वजनकाटे उभे आहेत. त्या वजनकाट्याची एक पावती प्रत्येक शाळेने तारीख घालून आपल्या संग्रहात ठेवावी, आणि ती कागदाची असल्यामुळे नीट जपावी. परंतु पावती ठेवण्याहून महत्त्वाचे हे की ती दाखवून मुलांना विचारावे : या गाडीतील माल कोठे जाणार, तेथे त्याचा भाव कोण ठरवितो, आणि तेथे उद्या काय बदलले तर ही गाडी येथे यावयाची थांबेल? हा प्रश्न तगरच्या व्यापाऱ्यास वेळेवर कोणी विचारला होता की नाही हे कळण्यास मार्ग नाही. आपल्या विद्यार्थ्यांस तो विचारण्यास मात्र कोणतीही अडचण नाही, आणि त्याचे उत्तर ते शोधू लागले तर या पुस्तकाचे श्रम सार्थकी लागले असे त्याचे कर्ते समजतील.